*वालाचं बी उगवलं नाही? आधी खत तपासा*

पेण-रोह्यात भातकापणी उरकली की वालाची घाई. ओल उडायच्या आत टोकायचं, म्हणून काही जण एकाच खड्ड्यात बी आणि चिमूटभर युरिया टाकतात, नाहीतर ताजं कोंबडीखत. आठ दिवसांनी खाचरात मोकळ्या जागा दिसल्या की बियाणं बोगस ठरतं. तसं म्हणण्याआधी बी उकरून बघा. फुगलंय पण मोडाचं टोक तपकिरी, करपल्यासारखं असेल तर अमोनियाचा संशय घ्या. (बुरशीनेही बी कुजतं, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका.)

आपल्या थळच्या कारखान्यात अमोनियापासून युरिया बनतो; ओल्या मातीत त्याचा परत अमोनिया होतो. दाण्याभोवतीचा सामू तेवढ्यापुरता वाढतो आणि वायू सुटतो. त्यामुळे जमीन आम्लधर्मी असली तरी निर्धास्त राहू नका. भाताला तोच युरिया चालतो, कारण तेव्हा रोप मोठं असतं आणि पाण्यात खत पसरतं. वाल मात्र उरलेल्या ओलीवर. वायू बियापाशीच कोंडतो.

*घरी तपासणी*
माती परीक्षणाच्या पत्रिकेत नत्र कळतं, हा वायू नाही. म्हणून टीपकागदाला हळदीचा लेप लावून वाळवा. एका तुकड्याला चुना लावा. लाल झाला तर कागद कामाचा. काचेच्या दोन बरण्यांत शेतातली ओली माती अर्धी भरा. एकीत खत घाला, खड्ड्यात पडतं त्याच मापाने. दोन्ही झाकणांना आतून ओलसर पट्टी चिकटवा, मातीला लागू देऊ नका. झाकण घट्ट. युरियाला दोन-तीन दिवस द्या, पट्टी सुकली तर पुन्हा ओली करा. खताच्या बरणीतली लालसर झाली आणि दुसरी पिवळीच राहिली, तर अमोनिया सुटतोय. थोडा वायू हळदीला कळत नाही. म्हणून नंतर दोन्हींत १०-१० वाल पेरा, झाकण सैल ठेवा आणि मोड मोजा. खरा निकाल तोच.

युरिया बियाच्या खड्ड्यात नकोच. डीएपीतही १८ टक्के नत्र अमोनियाच्या रूपात असतं, तेही बियाला चिकटून नको. २ इंच बाजूला, २ इंच खाली द्या. कोंबडीखत पूर्ण कुजलेलंच वापरा, नाकाला झोंबत असेल तर अजून कच्चं आहे. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मिळवतात, फार युरिया त्याला लागतही नाही.

पट्टीचा आणि मोडांचा फोटो गावाच्या नावासकट ग्रुपवर टाका. पोपटीला शेंगा घरच्याच हव्यात ना?