माधुरीस, साखर निघाल्यावर

चि. माधुरीस,



आमवात होता, थायरॉइड होतं, आता साखरही निघाली. ‘आत्या, आणखी किती?’ या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण दवाखान्यातून मिळालेल्या छापील कागदाचा फोटो तू पाठवलास, त्याबद्दल बोलायलाच हवं. रोज अर्धा तास भरभर चाला, भाकरी खा, बाहेरचं टाळा. यातलं काही खोटं नाही, पण हा सल्ला धड गुडघ्यांच्या आणि धड बोटांच्या माणसाला दिलेला आहे. तुझी साखर तुझ्या आमवातापासून वेगळी काढता येणार नाही, आणि तसं करू पाहणाऱ्या डॉक्टरांनाही तूच ते सांगायचंस.

सगळ्यात महत्त्वाचं प्रेडनिसोलोनचं. सकाळी घेतलेली ही गोळी दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी साखर चढवते, आणि रात्रीतून तिचा असर ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा बरा दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. तू दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपास, आणि ते आकडे वेळेसकट लिही. साखर वाढते म्हणून ही गोळी मनाने बंद करू नकोस. बरेच दिवस असं स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर माणूस कोसळतो. आमवाताच्या डॉक्टरांनी डोस कमी केला, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळव, कारण साखरेच्या गोळ्याही उतरवाव्या लागतील. हे दोघे एकमेकांशी बोलत असतील असं धरून चालू नकोस. वॉर्डात मी हेच जास्त पाहिलं आहे: दोन फायली, आणि मधे पेशंट.

सकाळी तुझी बोटं तास-दीड तास आखडलेली असतात, नाश्त्याला उशीर होतो. म्हणून थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या घे, पण साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, ताट समोर आल्यावरच. घाम फुटला, हात थरथरले, साखर सत्तरच्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपास. ही साखर तुला अंगठ्याने उघडता येईल अशा डबीत ठेव. फिरकीच्या झाकणाची बाटली तुझ्या काही कामाची नाही. तपासणीच्या पट्ट्यांच्या डबीचंही तेच, ती उघडायला कोणाला तरी हाक मार, त्यात संकोच कसला? सुई बोटाच्या टोकाला नको, कडेला टोच, म्हणजे कमी दुखेल.

भाकरी थापणं तुझ्याच्याने होत नाही, मला माहीत आहे. मग बिस्किटांवर दिवस निघतो, आणि साखरेला बिस्किटाइतकं वाईट थोडंच. मोड आलेले मूग कुकरला लावले की काही चिरायचं, थापायचं राहत नाही. उकडलेली अंडी, ताक, दही आहेच. भाकऱ्या शेजारच्या पोळीवाल्या बाईंकडून घे. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी नको, आणि गोळ्या चालू असताना कडक उपास तर नकोच.

चालवत नाही तर खुर्चीत बसून रबरी पट्टा ओढ, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. सांधा सुजलेला असेल त्या दिवशी त्याला विश्रांती. वाकता येत नाही, तेव्हा तळव्यांसाठी जमिनीवर आरसा ठेव आणि रोज रात्री बघ. घरातही चप्पल घाल.

डोळ्यांची तपासणी तुला दोन कारणांनी लागते: आमवातासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि मधुमेह. डॉक्टरांना दोन्ही सांग, म्हणजे एका फेरीत काम होईल. रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवतो, तेव्हा हिमोग्लोबिनचा रिपोर्टही सोबत दाखव. दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून रोज घेऊ नकोस, मूत्रपिंडावर आता दुहेरी ओझं आहे. आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या कोणीही आणून दिल्या तरी परत कर. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. तुझी साखर कशाने चढली हे मग कोणालाच कळणार नाही.

येत्या बुधवारी मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येते. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत घाल. सगळ्या औषधांचा एकच कागद मी मोठ्या अक्षरांत लिहून आणते. दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर तोच ठेवू.

तुझी,
आत्या