गोव्याची ट्रिप, पब क्रॉल आणि पाचवे शील



नाताळ आणि ३१ डिसेंबर जवळ आला की आपल्या बौद्धवाड्यांतली आणि शहरातल्या वस्त्यांतली पोरे गोव्याचा बेत आखू लागतात. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने थिवी किंवा मडगाव गाठायचे, नाहीतर दोन मोटारसायकली काढून महामार्ग धरायचा. हातात नुकता पगार आलेला असतो. घरी सांगितलेले असते, "मित्रांबरोबर फिरायला जातोय." आई पहाटे उठून चपात्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून देते. पोरगा चार दिवस समुद्र बघून येईल, असे तिला वाटते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. बाग्याच्या एका लॉजवरून आमच्या ओळखीतला मुलगा बोलत होता. "ताई, आमच्यातला एक जण उठतच नाही. घोरत होता म्हणून झोपू दिला. आता घोरणे पण कसेतरीच येतेय. तुम्ही कुणाला सांगू नका."

मी विचारले, कसा झोपलाय? उताणा. तोंडाला काही लागलेय का? उलटी. चिमटा काढून बघ, हात झटकतो का? नाही. मग घड्याळ लावून त्याला श्वास मोजायला सांगितले. मिनिटाला सात. मी म्हटले, आधी त्याला कुशीवर वळवा, दुसऱ्या फोनवरून १०८ लावा आणि हा फोन ठेवू नका.

पोरगा वाचला. उलटी श्वासनलिकेत गेल्याने न्यूमोनिया झाला होता, आठवडाभर दवाखान्यात राहिला. परत आल्यावर मी त्याच्या मित्रांना विचारले, "मला फोन करायच्या आधी किती वेळ थांबला होतात?" म्हणाले, दोन तास. का थांबलात? एक जण खाली मान घालून म्हणाला, "घरी कळले असते. विहारात कळले असते. ताई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. माणसे जगावीत म्हणून घेतलेल्या प्रतिज्ञेच्या धाकाने पोरांनी मरणाऱ्या मित्रासाठी मदत मागितली नाही. म्हणून हा लेख. पोरांनी वाचावा आणि आईबापांनीही वाचावा.

पब क्रॉल म्हणजे काय?

इंग्रजीत क्रॉल म्हणजे रांगणे. एका रात्रीत एका पबमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचे, म्हणून पब क्रॉल. प्राग, क्राकोव्ह, बुडापेस्ट अशा युरोपातल्या शहरांत हा मोठा धंदा आहे. एक तिकीट काढायचे. वीस-तीस अनोळखी तरुण एकत्र जमतात, आयोजकाचा माणूस त्यांना चार-पाच ठिकाणी फिरवतो. प्रत्येक ठिकाणी दारात एक छोटा ग्लास 'फुकट', मध्ये पिण्याचे खेळ, हरेल त्याने आणखी एक घ्यायचा. प्राग शहराला या टोळक्यांच्या गोंगाटाचा इतका त्रास झाला की २०२४ मध्ये तिथल्या नगर परिषदेने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत अशा आयोजित फेऱ्यांवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला.

हे दूरच्या देशातले आपल्याला कशाला, असे म्हणू नका. बागा-कळंगुटच्या गल्ल्यांत हाच प्रकार चालतो; तिथे तिकीट नसले तरी पोरांची टोळी असतेच. आणि आता आपली मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर युरोपातही शिकायला जातात. तिथल्या अनेक विद्यापीठांत पहिल्याच आठवड्यात नव्या विद्यार्थ्यांची ओळख व्हावी म्हणून पब क्रॉल ठेवतात. एकट्या पडलेल्या मुलाला वाटते, गेलो नाही तर मित्र कसे होणार?

दोन्हीकडे धोका एकच. एकटा माणूस आपल्या वेगाने पितो. टोळीत मात्र सगळ्यांत जास्त पिणारा जो असेल त्याचा वेग सगळ्यांचा होतो. जागा बदलत राहिल्याने आपण किती घेतली याचा हिशोबही राहत नाही.

तो हिशोब आपण करू

३० मिली व्हिस्की, रम किंवा फेणीत साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. उराक फेणीपेक्षा सौम्य असते, पण ती मोठ्या ग्लासातून घेतात, त्यामुळे फरक उरत नाही. ३३० मिलीच्या साध्या बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम असतो. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपले यकृत तासाला अंदाजे ८ ग्रॅम मद्यार्काचा निचरा करते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी काढणे, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. पोटभर जेवून प्यायले तर दारू हळू चढते, एवढेच.

आता पाच ठिकाणे धरा. प्रत्येक ठिकाणी एक छोटा पेग आणि एक छोटी बिअर. २३ ग्रॅम गुणिले ५ म्हणजे ११५ ग्रॅम. ते जिरायला चौदा तासांहून जास्त लागतात. रात्री आठला सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत दारू रक्तात आहे. सकाळी सातला तोंड धुऊन, चहा पिऊन, "आता उतरली" म्हणत मोटारसायकलला किक मारणाऱ्या साठ किलोच्या पोराच्या अंगात अजून २५ ते ३० ग्रॅम मद्यार्क शिल्लक असतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. तो तिच्या वरच असतो. पकडला गेला तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. घाटातल्या वळणावर काय होईल ते मी सांगायला नको.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातले प्रमाण जास्त वाढते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून घेतली तर झिंग जाणवत नाही, पण विष तेवढेच असते. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. ते बघणाऱ्यांना दारू चढल्यासारखेच दिसते. फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर दारू घेतली तर श्वासच मंदावतो.

झोपला आहे की बेशुद्ध आहे?

त्या रात्री पोरांची चूक इथे झाली. पिणे थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच असते. म्हणून आडवा झालेला माणूस पुढच्या तासात जास्त गंभीर होऊ शकतो. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी तो झोपलेला नाही, त्याला विषबाधा झाली आहे असे समजा:

१. मोठ्याने हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढूनही नीट जागा होत नाही.
२. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडते.
३. घोरताना घरघर, गुरगुर असा ओला आवाज येतो.
४. अंग गार आणि चिकट लागते, ओठ किंवा नखे निळसर दिसतात. सावळ्या माणसाचे ओठ आतून आणि नखांखाली बघा.
५. अर्धवट शुद्धीत उलट्या होतात, किंवा झटके येतात.

अशा वेळी काय करायचे? लगेच १०८ किंवा ११२ लावा. युरोपातही तातडीचा क्रमांक ११२ हाच आहे. माणसाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, डोके थोडे मागे आणि तोंड जमिनीकडे झुकलेले ठेवा, म्हणजे उलटी बाहेर पडेल. अंगावर पांघरूण घाला. एक जण शेवटपर्यंत शेजारी जागा राहा. श्वास थांबलाच तर उताणा करून छातीच्या मध्यभागी जोराने दाब देत राहा, फोनवरची व्यक्ती पुढचे सांगेल.

काय करायचे नाही? घशात बोटे घालू नका. ताक, लिंबू, कॉफी पाजू नका. गार पाण्याखाली धरू नका. हाताला धरून चालवू नका. "झोपू दे, सकाळी उतरेल" असे म्हणून दार ओढून जाऊ नका.

थंड देशात आणखी एक जपायचे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्यामुळे अंग गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर जात असते. बर्फात रस्त्यावर झोपलेला माणूस सकाळपर्यंत टिकत नाही.

स्वस्त दारूचा वेगळाच धोका आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी गावठी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओस देशातल्या व्हांग व्हिएंग या पर्यटनाच्या गावी सहा परदेशी पर्यटक अशाच मिथेनॉलने दगावले. मिथेनॉलला वास वा चव वेगळी येत नाही. त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होतो: पोटात दुखणे, धाप, डोळ्यांपुढे धुके. दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले तर तो हँगओव्हर समजू नका, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठा. उशीर झाला तर दृष्टी जाते, नाहीतर जीव.

नाही म्हणायचे कसे?

मुलांशी बोलते तेव्हा "पिऊ नका" एवढ्याने भागत नाही. ते विचारतात, चौघांत बसून नाही कसे म्हणायचे? मी त्यांना सांगते, कारणे देत बसू नका. कारण दिले की त्यावर वाद होतो. "मी घेत नाही" एवढेच म्हणा आणि लिंबू सोडा मागवा. हातात भरलेला ग्लास असला की कुणी फार विचारत नाही. ग्लास स्वतःच्या हातात ठेवा, खाली ठेवून गेलात तर परत पिऊ नका. गाडी चालवायची जबाबदारी आधीच मागून घ्या, मग कुणी आग्रह करत नाही. परदेशात असाल तर पहिल्या ठिकाणी जा, ओळखी करा आणि तिथूनच परत फिरा. मैत्री ग्रंथालयात आणि स्वयंपाकघरातही होते.

टोळीत न पिणारा एक तरी असावाच. त्याच्याकडे गाडीच्या चाव्या, सगळ्यांच्या घरचे नंबर आणि चार्ज केलेला फोन असावा. अंधारात कुणाला समुद्रात उतरू देऊ नये. परत येताना बाटल्या आणायच्या नाहीत. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि बांद्याच्या बाजूला तपासणी असते. तिथे गुन्हा नोंदला गेला तर नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडतो तो आपलाच पोरगा.

पाचवे शील कशासाठी?

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की दारूचे कुठलेच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणजे मी प्रतिज्ञेत सूट मागत नाही. न पिणे हेच उत्तम.

पण पाचव्या शीलात दारू वर्ज्य का, ते नीट समजून घेऊ. ती प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला कारण होते म्हणून. मग मित्र निळा पडत असताना "लोक काय म्हणतील" म्हणून दोन तास गप्प बसणे, हाही प्रमादच नाही का? आणि रात्री दोन वाजता बेशुद्ध मित्राचे श्वास मोजत जागा राहिलेला पोरगा त्या क्षणी सावधपणाच पाळत असतो, मग आधी त्याने काहीही घेतलेले असो.

म्हणून आईबापांना, महिला मंडळाच्या भगिनींना आणि बौद्धाचार्यांना माझी विनंती आहे. पोरगा ट्रिपला निघाला की त्याला एवढे सांगा: "पिऊ नकोस. पण काही झालेच तर कितीही वाजलेले असू देत, आधी १०८ ला आणि मग मला फोन कर. मी त्या रात्री एक शब्द रागावणार नाही." आणि तो शब्द पाळा. जे बोलायचे ते आठ दिवसांनी, जेवताना, शांतपणे बोला. पिणे रोजचे झाले असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा, जिल्हा रुग्णालयात दाखवा. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

त्या चौघांपैकी दोघे आता आमच्या वाडीत वर्षावासाच्या कार्यक्रमात पोरांना कुशीवर कसे वळवायचे ते करून दाखवतात. जो वाचला तो चटईवर आडवा होतो. पोरे हसतात, पण शिकतात. तुमच्या विहारातही एक रविवार यासाठी द्या. चटई आणि घड्याळ, एवढेच लागते.

जय भीम!