मतदाराची माहिती आणि पक्षाची निवड

निवडणुका आल्या की आपल्या वसाहतीत एक वाक्य हमखास कानी पडते : "लोक अडाणी आहेत, त्यांना काय कळते?" बोलणारा बहुधा पदवीधर असतो, पाळी संपवून चहा घेत असतो, आणि ज्या पक्षाला तो मत देणार आहे त्या पक्षाचा जाहीरनामा त्याने उघडूनही पाहिलेला नसतो. प्रस्तुत लेखात आम्हाला याच वाक्याची तपासणी करावयाची आहे. पक्ष निवडताना मतदाराला नेमके काय ठाऊक असते आणि काय नसते, हे विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

साक्षर तोच शहाणा, हा समज जुना आहे. सायमन कमिशनच्या काळात मताधिकाराला शिक्षणाची अट असावी असे म्हणणारे पुष्कळ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई प्रांतिक समितीच्या अहवालाशी असहमती दर्शवून १९२९ साली स्वतंत्र अहवाल सादर केला व त्यात ही अट खोडून काढली. निरक्षर माणूस निर्बुद्धच असतो हे गृहीत चूक, आणि अक्षरओळख झाली की समज आपोआप येते हेही चूक, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. वयाची अट प्रथम २१ वर्षे होती, १९८९ पासून ती १८ झाली.

मताचा अधिकार मिळाला तरी ते द्यावे कसे, हे कळावे लागतेच. याचे सर्वांत बोचणारे उदाहरण खुद्द बाबासाहेबांच्याच निवडणुकीतले आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्या वेळी शिक्का मारण्याची पद्धत नव्हती; प्रत्येक उमेदवाराची चिन्ह चिकटवलेली वेगळी पेटी असे आणि कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. कोणी दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक बाद होई. फेडरेशनची युती समाजवादी पक्षाशी होती, म्हणजे एक मत बाबासाहेबांना व दुसरे अशोक मेहतांना पडायला हवे होते. मोजणी झाली तेव्हा ७४ हजारांवर मते बाद ठरली होती आणि बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले होते. मते जाणीवपूर्वक वाया घालविण्याचा प्रचार झाला, असा आरोप करून बाबासाहेबांनी व मेहतांनी निवडणूक याचिका दाखल केली. 'मत कुजविणे' हा शब्दप्रयोग त्या काळचाच.

या बाद मतांपैकी किती मते प्रचाराने कुजली आणि किती नियम न कळल्यामुळे गेली, याचा हिशेब आता लागणे शक्य नाही. पण ज्या मतदाराने आपल्या माणसावरील प्रेमापोटी दोन्ही पत्रिका त्याच्याच पेटीत टाकल्या असतील, त्याला अडाणी म्हणायला आमची जीभ धजावत नाही. त्याला पक्ष ठाऊक होता, नेता ठाऊक होता, चिन्हही ठाऊक होते. नियम मात्र त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

त्यानंतर ७२ वर्षांनी, यंत्रावर मतदान होत असताना व घरोघरी मोबाईल असताना, काय झाले ते पाहू. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष २०२३ साली फुटला. 'घड्याळ' अजित पवारांच्या गटाकडे गेले आणि शरद पवारांच्या पक्षाला २०२४ च्या फेब्रुवारीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवे चिन्ह मिळाले. लोकसभेचे मतदान दोन-तीन महिन्यांवर आले होते. त्यातच अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांत 'ट्रम्पेट' होते व मराठीत त्याचेही नाव 'तुतारी' असेच होते. लोक त्याला पिपाणी म्हणू लागले. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत या चिन्हावरील अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. त्याचे आडनावही पक्षाच्या उमेदवाराचेच होते. पक्षाचा उमेदवार तेथे तरीही निवडून आला. साताऱ्यात मात्र पिपाणीला ३७ हजारांवर मते मिळाली आणि पक्षाचा उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी पडला. ही सगळी मते चुकूनच पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, तथापि योगायोग म्हणून सोडून देण्याइतका हा आकडा लहानही नाही.

इथपर्यंत चिन्हाची गोष्ट झाली. चिन्ह बरोबर ओळखले म्हणजे पक्ष ओळखला, असे मात्र होत नाही. आपला भुसावळ विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्या वर्षी येथून राष्ट्रवादीच्या चिन्हावर निवडून आलेले संजय सावकारे २०१४, २०१९ व २०२४ साली भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. पक्ष बदलणे हा त्यांचा अधिकार होय, त्याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. आमचा प्रश्न मतदाराला आहे : चारही वेळा मत देणाऱ्याने निवडले काय? माणूस निवडला असेल तर ठीक. पक्ष निवडला असे म्हणणे असेल, तर २००९ व २०१४ यांच्या दरम्यान त्याचे कोणते मत कोणत्या कारणाने बदलले, हे त्याला सांगता आले पाहिजे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. दहा हजारांच्या कर्जासाठी आम्ही जामीनदार मागतो, पगाराचा दाखला मागतो, जुन्या थकबाकीची चौकशी करतो. ग्राहकही काही कमी नसतो. ठेवीवर पाव टक्का व्याज जास्त कुठे मिळते ते चार ठिकाणी विचारून मगच पैसे ठेवतो. पाच वर्षांचा कारभार सोपविताना हाच माणूस एक कागदही मागत नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. वास्तविक कागद आता मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्जे व गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. गुन्हे दाखल असलेल्यांना २०१८ च्या निकालानुसार वर्तमानपत्रांतून तशी जाहिरात करावी लागते. ती बारीक टाइपात असते हा भाग वेगळा.

पण प्रतिज्ञापत्र माणसाचे असते. पक्षाचे काय? जाहीरनामा असतो खरा, पण तो येतो केव्हा? २०२४ च्या विधानसभेसाठी मतदान २० नोव्हेंबरला होते. भाजप व महाविकास आघाडी या दोघांचेही जाहीरनामे १० नोव्हेंबरला आले. दहा दिवसांत ते वाचायचे कोणी आणि आपल्या भागातील राखेचा, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा किंवा कंत्राटी कामगारांचा त्यात काही उल्लेख आहे का, हे शोधायचे कोणी?

म्हणून आम्हाला जाहीरनाम्यापेक्षा मागील इतिहास अधिक भरवशाचा वाटतो. एकच उदाहरण देतो. १९६२ साली विधानसभेच्या राखीव जागेवरून निवडून आलेले मेश्राम यांची निवड, ते बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीचे राहिले नाहीत या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली होती. बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार असताना. भुसावळच्या राखीव जागेवर आज बौद्ध तरुण अर्ज भरू शकतो तो या दुरुस्तीमुळे. मधल्या काळात कोणता पक्ष या मागणीच्या बाजूने बोलला आणि कोणी ती लांबविली, हे आपल्या किती पदवीधरांना सांगता येईल? रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला. त्याच्या गटांच्या नेत्यांची नावे आपली मुले घडाघडा सांगतात. एका गटाचा कार्यक्रम दुसऱ्याहून कशात वेगळा, असे विचारले की सारे गप्प.

बाबासाहेबांनी १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ते बंद पडले. ते विद्यालय उमेदवारांसाठी होते. मतदारांसाठी तसे काही निघाले नाही. आपल्या अभ्यासिकेत मात्र एवढे करता येईल : उमेदवारी अर्जांची छाननी झाली की सर्व उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांच्या प्रती काढून फलकावर लावाव्यात, एकाही पक्षाची वगळू नये, आणि शेजारी त्या पक्षांचे मागच्या निवडणुकीचे जाहीरनामे ठेवावेत. छायाप्रतींचा खर्च एका दिवसाच्या चहापाण्याहून जास्त येणार नाही. महाविद्यालयीन मुलांनी आलटून पालटून संध्याकाळी तासभर तेथे बसावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद मोठ्याने वाचून दाखवावेत. वाचून झाल्यावर आपले मत मात्र सांगू नये.