रंग आधी दिसतो, नाव मागून येते

‘याला अजून साधे रंगसुद्धा कळत नाहीत!’ असे तीन वर्षांच्या मुलाबद्दल घरीदारी सहज बोलले जाते. शिशुवर्गाच्या प्रवेशाच्या वेळी तर रंग विचारूनच मुलाची हुशारी जोखली जाते. परंतु रंग कळणे म्हणजे नेमके काय? रंग डोळ्यांना दिसणे आणि त्याचे नाव जिभेवर येणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? भाषेच्या अभ्यासकाने विचार करावा असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाने खुद्द चार्ल्स डार्विनलाही चकविले होते. आपल्या मुलांना वस्तूंची नावे येतात, पण रंगांची नावे ती सारखी चुकतात, हे पाहून त्यांना रंगांधत्व तर नाही ना, अशी शंका त्याला आली. पुढे मुले रंग बरोबर सांगू लागली आणि ती शंका फोल ठरली. हा अनुभव त्याने १८७७ मध्ये लिहून ठेवला आहे.

मग मुलाला रंग दिसतात तरी केव्हा? तान्ह्या बाळाला एकच रंग वारंवार दाखविला की ते कंटाळून नजर वळविते, आणि वेगळा रंग समोर आला की पुन्हा टक लावून पाहते. या साध्या गोष्टीचा उपयोग करून ब्रिटनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये असे दाखविले की, चार ते सहा महिन्यांची बाळे लाल, पिवळा, हिरवा, निळा व जांभळा असे पाच गट वेगळे ओळखतात. म्हणजे बोलता येण्यापूर्वीच रंग वेगळे दिसतात. उशीर होतो तो नावाला.

हा उशीर का होतो? ‘चेंडू’ म्हटले की तो हातात घेऊन दाखविता येतो. ‘तांबडा’ मात्र वेगळा काढून हातात देता येत नाही. तो कधी मातीत असतो, कधी मिरचीत, तर कधी कुंकवात. शिवाय तांबडा कोठे संपतो व नारिंगी कोठे सुरू होतो, हे कोणी रेघ मारून सांगत नाही. म्हणूनच पुष्कळ मुले ‘कोणता रंग?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून रंगाचेच नाव सांगतात, पण ते चुकीचे असते. रंगांची नावे हा शब्दांचा एक वेगळा गट आहे, हे त्यांनी ओळखलेले असते. प्रत्येक नावाची हद्द तेवढी ठरायची असते.

आणि ही हद्द प्रत्येक भाषेत सारखी नसते. रशियन भाषेत गडद निळ्याला ‘सीनी’ व फिक्या निळ्याला ‘गलुबोय’ अशी दोन स्वतंत्र नावे आहेत. नामिबियाच्या उत्तरेस गुरे पाळून राहणाऱ्या हिंबा लोकांच्या भाषेत मुख्य रंगनामे पाचच. त्यांपैकी ‘बुरू’ या एका नावात आपला हिरवा व निळा हे दोन्ही रंग मावतात. डेबी रॉबर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंबा आणि इंग्रज मुलांचा तीन वर्षे अभ्यास केला. मुलाला एक रंग दाखवून झाकायचा आणि मग अनेक रंगांतून तोच शोधायला सांगायचा, अशी ही परीक्षा होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, नावे येण्यापूर्वी दोन्हीकडची मुले सारख्याच प्रकारे चुकत होती. नावे येऊ लागली तसतशी त्यांची स्मरणशक्ती आपापल्या भाषेच्या वाटेने जाऊ लागली. हे मत सर्वांना मान्य नाही. अ‍ॅना फ्रँकलिन यांच्या २००५ मधील अभ्यासात नावे न येणारी मुलेही रंगांचे गट पाडताना आढळली. परंतु नावांच्या हद्दी मुलाला भाषेतूनच शिकाव्या लागतात, याबद्दल वाद नाही.

आता आपल्या मराठीकडे पाहू. पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरे वासरू, असा एकच रंग मराठी मूल तीन रूपांत ऐकते. ‘लाल’ मात्र कधी बदलत नाही. त्यात घरचा शब्द एक आणि पुस्तकातला दुसरा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई शाळेत गेली नाही. पण ज्वारीचा हिरवा रंग तरारलेला आहे की त्यात पिवळेपणा शिरू लागला आहे, हे ती बांधावरूनच सांगते. आमच्या घरी ‘तांबडा’ म्हणतात, पुस्तकात ‘लाल’ असतो आणि इंग्रजी शिशुवर्गात ‘रेड’. तिन्हींचा रंग एकच आहे, हे मुलाला कोणीतरी सांगावे लागते. ‘तांबडा’ म्हणणाऱ्या मुलाचे उत्तर चूक धरले, तर त्यात मुलाचा दोष कोणता?

शिकविण्याची रीतही महत्त्वाची आहे. मायकेल रॅम्स्कार व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत असे आढळले की, वस्तूचे नाव आधी व रंग नंतर सांगितला तर मुले रंग अधिक चांगले शिकतात. वस्तूकडे लक्ष गेल्यावर मुलाचे मन तिच्या गुणाकडे वळते, असे त्याचे कारण दिले जाते. मराठीत ‘लाल फुगा’ आणि ‘फुगा लाल आहे’ या दोन्ही रचना स्वाभाविक आहेत. घरी व बालवाडीत दुसरी रचना वापरून पाहायला खर्च काहीच नाही.

आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. पुढे बसलेले मूल निळ्याला हिरवा म्हणाले, तर त्याला ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी त्याच रंगाचा दुसरा तुकडा शोधून आणायला सांगावे. त्याने तो बरोबर आणला, तर मुलाची नजर शाबूत आहे व उणीव फक्त शब्दाची आहे, हे लक्षात येईल. आणि शब्द शिकविण्यासाठीच तर शाळा आहे.