शरणपूरची रोपे : प्रभूचे सेवक कसे तयार होतात?

शास्त्रपाठ : २ तीमथ्य २:१–७, प्रेषितांची कृत्ये १८:२४–२८

मंडळीस पाळक पाहिजे, हे सर्वांस कळते. परंतु तो पाळक कोठून येतो, त्यास कोण शिकवितो व त्यास किती काळ लागतो, याचा विचार करणारे थोडेच. आपल्या पाठाच्या दुसऱ्या वचनात पौलाने एका साखळीचे चार दुवे सांगितले आहेत : पौल स्वतः, त्याचा शिष्य तीमथ्य, तीमथ्याने शिकविलेली विश्वासू माणसे, व त्या माणसांपासून शिकणारे इतर जन. यांतील एक दुवा तुटला की पुढची पिढी उपाशी राहते. हा पाठ नीट समजावा म्हणून आम्ही आपल्याच मराठी मुलखातील, पण आफ्रिका खंडाशी जडलेली, एक हकीकत सांगतो.

कळंबहून नारायणगाव, संगमनेर व सिन्नर या मार्गाने जो रस्ता उत्तरेस जातो, तो नाशिकास पोहोचतो. त्या नगराबाहेर रे. विल्यम सॉल्टर प्राइस साहेबांनी १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. आता तो भाग शहरातच आला आहे. नाव मात्र राहिले आहे. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुलामाणसांस पकडून गलबतांतून विकावयास नेत असत. इंग्रजांची लढाऊ जहाजे अशी गलबते अडवीत, आणि सुटलेली कित्येक मुले मुंबईस आणीत. त्यांतील पुष्कळांस शरणपुरी आश्रय मिळाला. तेथे त्यांस अक्षरज्ञान, शास्त्र, तसेच सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकविले जात. आईबापांपासून तोडलेली ही लेकरे गोदावरीच्या काठी वाढली; मराठी, हिंदुस्थानी व इंग्रजी या भाषा त्यांच्या तोंडी बसल्या.

इकडे आफ्रिकेत मोंबासाजवळ राबई गावी रे. योहान रेबमन हे १८४६ पासून श्रम करीत होते. ते व त्यांच्या आधी १८४४ साली मोंबासास आलेले रे. लुडविग क्राफ, हे दोघेही जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांताच्या लूथरपंथी मंडळीत वाढलेले. क्राफ यांनी तर आल्या वर्षीच आपली पत्नी व तान्हे मूल तेथे पुरले. इतके सोसूनही विश्वासणारे फार थोडे होते. अशा वेळी १८६४ साली शरणपुरी शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे रेबमन यांच्या मदतीस गेले. पुढे जॉर्ज डेव्हिड हेही त्या कामी लागले. गुलाम म्हणून जी मुले त्या किनाऱ्यावरून नेली, ती उपदेशक होऊन त्याच किनाऱ्यास परत आली. पुढे प्राइस साहेबही मोंबासास गेले आणि १८७५ साली त्यांनी सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वस्ती स्थापिली. तेव्हा हिंदुस्थानात वाढलेले सुमारे १५० आफ्रिकन तेथील कामास मिळाले.

या हकीकतीपासून आम्ही तीन गोष्टी शिकावयाच्या.

पहिली : शिक्षण संकटाच्या दिवशी उपयोगी पडते. १८७३ च्या मे महिन्यात डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागी मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ एकही गोरा मनुष्य किंवा दीक्षित पाळक नव्हता. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची उपासना वाचली ती शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट याने, आणि झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. शाळेच्या बाकावर तो जे वाचावयास शिकला, ते अरण्यात कामास आले. तसेच १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांचा युगांडाच्या वाटेवर वध झाला, तेव्हा मागे राहिलेल्या काफिल्याचा सर्व भार जोन्स यांवर पडला. त्यांनी तो शेकडो मैल चालवून १८८६ च्या आरंभी राबईस परत आणिला. पुस्तकी विद्येबरोबर हातापायांचे श्रम शिकलेला सेवक असा टिकतो.

दुसरी : सेवकास त्याच्या लोकांपासून दूर करू नये. कांद्याचे रोप आपण वाफ्यात टाकतो व सहा-सात आठवड्यांनी उपटून लावतो. मुळे सुकू दिली तर चांगले रोपही धरत नाही. शरणपूरची ही रोपे फार दूरच्या वाफ्यात वाढली होती. राबईस गेल्यावर तेथील लोकांस ती वेशाने व चालीने परकी वाटली, आणि ज्यांस उपदेश करावयाचा त्यांची बोली त्यांस शिकावी लागली. शिवाय वेतन व अधिकार यांवरून मिशनरी व हे सेवक यांच्यात पुढे तंटे झाले. दोष एकाच बाजूस लावणे उचित नव्हे. परंतु ज्यास आपण शिकवितो त्यास भाऊ मानतो की चाकर, हा प्रश्न तेव्हाही खरा होता व आजही आहे.

तिसरी : धीर धरावा, पण उगाच विलंब करू नये. जोन्स व सेमलर १८६४ साली कामास लागले आणि त्यांस दीक्षा मिळाली १८८५ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी. इतका काळ त्यांनी उपदेश केला, परंतु प्रभुभोजन देण्याचा अधिकार त्यांस नव्हता. ज्या खेड्यात पाळक महिनोन्महिने येत नाही, तेथील विश्वासणाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको. आपल्या प्रांतात अहमदनगरास (आताच्या अहिल्यानगरास) अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेथेही वीसांहून अधिक वर्षे गेली. पुढे १८७८ साली त्या नगरात धर्मशिक्षणाची शाळा स्थापन झाली. तीत रे. नारायण वामन टिळक यांनी शिकविले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, दीक्षा १९०४ ची. मराठी माणसास मराठी भजन-कीर्तनातूनच ख्रिस्त कळावा, ही त्यांची तळमळ वरील दुसऱ्या गोष्टीचे उत्तरच होय.

आफ्रिकेतही साखळी तुटली नाही. फ्रिअर टाउन येथे १९०३ साली धर्मशिक्षणाची शाळा निघाली. ती १९३० साली लिमुरू येथे नेली. आज ती सेंट पॉल्स विद्यापीठ होय. टांझानियातील लूथरपंथी मंडळ्यांनी १९४७ साली लवांदाई येथे पाळकांची शाळा काढली. ती १९५४ साली माकुमिरा येथे गेली व तीतूनच आताचे विद्यापीठ उभे राहिले. आता आफ्रिकेचे सेवक आफ्रिकेतच शिकतात व शिकवितात.

तर मग गावच्या लहान मंडळीने काय करावे? तिने चार कामे करावी. आपल्या तरुणांत विश्वासू कोण, हे ओळखावे. त्याच्या शिक्षणासाठी यथाशक्ति धान्य किंवा पैसा द्यावा, म्हणजे तो आपला राहील. शिकत असता त्यास सुटीत घरी बोलावून उपासनेत भाग द्यावा, म्हणजे त्याची मुळे सुकणार नाहीत. आणि तो परत आला म्हणजे त्यास मानाने स्वीकारावे. मुलींस यातून वगळू नये. अपुल्लोसारख्या विद्वानास घरी नेऊन अधिक नीट शिकविणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, हे ध्यानात असावे.

अभ्यासाचे प्रश्न

१. दुसऱ्या वचनातील चार दुवे कोणते? आपल्या मंडळीत कोणता दुवा अशक्त आहे?

२. शिपाई, मल्ल व शेतकरी या तीन दाखल्यांपैकी शेतकऱ्याचा दाखला सेवकास कसा लागू पडतो?

३. जोन्स व सेमलर यांस एकवीस वर्षे थांबावे लागले. सेवकाची पारख व निष्कारण विलंब यांत भेद कसा करावा?

४. ज्याने आपणांस प्रथम वचन शिकविले, त्याचे ऋण आपण कोणास शिकवून फेडीत आहो?