पावती घ्या, पावती जपा

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. मृग लागला की आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी-मोरगाव, सगळीकडे एकच घाई. बियाणे आणायचे, पऱ्हे टाकायचे, पाऊस साधून रोवणी करायची. वर्षाचे पोट या दिवसांवर असते.

समजा, एका शेतकऱ्याने कृषी केंद्रातून बियाण्याच्या दोन थैल्या आणल्या. पऱ्हे टाकले. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले. शेजाऱ्याचे पऱ्हे हिरवेगार झाले. याच्या बांधीत मात्र इथे एक कोंब, तिथे एक कोंब. पैसे गेले ते गेले. पण हंगाम हातचा गेला, तो कुठून आणायचा?

शेतकरी दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बियाणे माझ्याच दुकानातले कशावरून? पावती दाखवा."

शेतकरी म्हणाला, "ओळखीचं दुकान. पावती कायले पाह्यजे, म्हटलं!"

इथेच गाडी अडली. ओळख दुकानात चालते. न्याय मागायला गेले की कागद लागतो.

काय वाचावे?

आपण वाचायला शिकलो. ते इथे कामी आणू या. पावती हातात घेतली की पाहा: दुकानाचे नाव आहे का? तारीख आहे का? धानाचा वाण, लॉट नंबर, किती थैल्या, किती पैसे, हे सारे लिहिले आहे का? नसेल तर तिथेच लिहून मागा. त्यात लाजायचे काय? पावती मागणे हा आपला हक्क आहे.

मग थैलीवरचे लेबल वाचा. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे असते. त्यावरचा लॉट नंबर पावतीशी जुळवून पाहा. बियाणे कधी तपासले आणि कोणत्या तारखेपर्यंत चालते, तेही वाचा. धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती निदान ८० टक्के असावी लागते. हे घरीही पाहता येते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट ओले राहू द्या. काही दिवसांनी कोंब मोजा. ऐंशीपेक्षा फार कमी आले तर पेरण्याआधीच सावध व्हा.

थैली फेकू नका. लेबल फाडू नका. मूठभर बियाणे थैलीतच राहू द्या.

उगवले नाही तर?

बांधी लगेच नांगरू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते, पंचनामा करते. दोष बियाण्याचा की पावसाचा, की पाणी साचल्याचा, हे ती पाहते. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. तीही पावतीसोबत ठेवा.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात ग्राहकांसाठी पहिला कायदा १९८६ साली झाला. पुढे २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

कोणी म्हणेल, "शेतकरी कुठला ग्राहक? तो तर पीक विकतो." हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमाचे बियाणे घेतले होते. पीक नीट आले नाही. २०१२ साली न्यायालयाने निकाल दिला: बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. निगमाचे म्हणणे होते की शेतकऱ्यांनी बियाणे प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवे होते. न्यायालय म्हणाले, शेतकरी आणलेले सारे बियाणे पेरून टाकतो, तपासायला त्याने ते मागे ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही. दुसरा पुरावाही चालतो. मग आम्ही मूठभर ठेवा असे का सांगतो? पुरावा जितका जास्त, तितके आपले म्हणणे पक्के.

तक्रार कुठे करावी?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज जिल्हा ग्राहक आयोग गोंदियालाच आहे. पूर्वी जिथे विकणारा असेल किंवा जिथे व्यवहार घडला असेल, तिथेच तक्रार करावी लागे. नव्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेही ती करता येते. मुंबईच्या कंपनीकडून फोनवर माल मागवला तरी सालेकशाचा माणूस गोंदियाला तक्रार करू शकतो.

चार गोष्टी ध्यानात ठेवा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. मालाची दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आपले म्हणणे आपण मांडू शकतो. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या नंबरवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाची सोय सुरू झाली आहे. तीवरून मोबाइलवरूनही तक्रार दाखल होते. घरातल्या शिकलेल्या मुलीला, मुलाला मदतीला घ्या.

निकाल तीन महिन्यांत, माल तपासायचा असेल तर पाच महिन्यांत लागावा, असे कायदा सांगतो. पण कधी जास्त वेळही लागतो. म्हणून धीर धरा, तारखेला हजर राहा आणि कागद सांभाळा.

बियाण्याचे सांगितले तेच मोटारपंपाचे, पंख्याचे, मोबाइलचे. घरात एक पिशवी खुंटीला टांगा. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती तीत टाका. पिशवी हलकी असते, पण गरज पडली की तिचे मोल कळते.

प्रश्न

१. पावतीवर कोणत्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात?
२. बियाणे उगवले नाही तर पहिला अर्ज कोणाकडे द्यावा?
३. ग्राहकाने किती वर्षांच्या आत तक्रार करावी?
४. घरातल्या एका थैलीवरचे लेबल मोठ्याने वाचा. त्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा.