चिऱ्याच्या घराला नव्या खिडक्या

शिरोड्यातलं आमचं घर जांभ्या दगडाचं, म्हणजे चिऱ्याचं. वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी. खिडक्या बदलायचं ठरलं तेव्हा मुंबईच्या नातेवाइकांनी यूपीव्हीसी सुचवलं, शेजाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम, आणि सुतार म्हणाला, निम्म्या खिडक्यांना हात लावायची गरजच नाही. त्या कामात जे उमजलं, ते असं.

१. आधी दिशा बघा, मग माल. आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही. नैऋत्येचा वारा त्याला भिंतीवर आणून आपटतो. जुन्या माणसांनी हे ओळखलं होतं. समुद्राकडच्या भिंतीला खिडक्या कमी आणि लहान ठेवायच्या, वर मिरगाआधी त्या बाजूला माडाच्या झापांची झड बांधायची. म्हणूनच पूर्वेची खिडकी धडधाकट राहते आणि पश्चिमेची त्याच लाकडाची खिडकी कुजते. असं असताना सगळ्या खिडक्या एकाच साच्याच्या करण्याचा हट्ट कशाला? आम्ही पश्चिमेला यूपीव्हीसी बसवलं, बाकी लाकूडच ठेवलं. पाहुणे विचारतात, हे असं दुरंगी का? विचारू देत.

२. चौकट काढण्याआधी ती टोचून बघा. पटाशीचं टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलं, टणक लागलं तर आहे. आमच्या सुताराने सगळ्या खिडक्या अशा तपासल्या आणि म्हणाला, "काकानू, चौकट बरी आसा, नुसती दारां बदला." फणसाची किंवा सागाची जुनी चौकट कुजते ती बहुतेक खालच्या आडव्या लाकडात, जिथे पाणी साचतं, नाहीतर भिंतीत गेलेल्या टोकांत, जिथे ओल आणि वाळवी दोन्ही पोचतात. तेवढाच भाग कापून नवा सांधता येतो. नव्या लाकडाची टोकं भिंतीत जाण्याआधी त्यांना काजूच्या टरफलाचं तेल पाजावं. आमचा वेंगुर्ले तालुका काजूच्या कारखान्यांचा, त्यामुळे ते मिळायला अडचण नाही. मात्र हातमोजे घाला, त्या तेलाने कातडी भाजते.

३. खिडकी मरते ती बिजागरीपासून. ज्या मिठासाठी मे १९३० मध्ये शिरोड्यात सत्याग्रह झाला, तेच मीठ वाऱ्यावर बसून घराघरांत येतं आणि लोखंड खातं. गंजलेला गज फुगतो आणि ज्या लाकडात बसवला आहे ते लाकूडच फाडतो. दुकानदार 'स्टेनलेस' एवढंच सांगतो. तुम्ही ग्रेड विचारा. ३०४ ला समुद्रकाठी तांबूस डाग धरतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत जिथे दुसऱ्या धातूचा स्क्रू टेकतो तिथे पांढरी भुकटी धरू लागते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. यूपीव्हीसी गंजत नाही हे खरं, पण त्याच्या पोटात लोखंडी पट्टी असते. तिच्यावर जस्ताचा मुलामा आहे ना, कापलेल्या टोकांचं काय, हे बसवण्याआधीच बघून घ्या. मागाहून ती दिसत नाही. माझं मत विचाराल तर फ्रेमवर वाचवा, पण कडी, कोयंडा आणि बिजागरीवर वाचवू नका.

४. चिरा म्हणजे काँक्रीट नव्हे. त्याला अंगभर छिद्रं असतात. भोकाच्या आत फुगून पकड घेणारा बोल्ट कडेजवळ मारला की कड ढासळते. भोक कडेपासून आत घ्यावं, स्क्रू लांब वापरावा आणि हॅमर ड्रिलचा धक्का बंद ठेवून नुसतं फिरवावं. जुन्या भिंतीतला गाळा कधीच काटकोनात नसतो. रुंदी वर, मधे, खाली मोजा, उंचीही तशीच, आणि सगळ्यांत कमी भरेल ते माप धरा. खिडकी मोठी करायचा मोह मात्र आवरा. ही भिंत छपराचं ओझं वाहते. खालच्या दगडी पाटाला बाहेरच्या बाजूला उतार हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण गवंडी विसरतात.

५. सरकती खिडकी पश्चिमेला नको. तिच्या पट्टीतलं पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजतात आणि झडीचं पाणी आत येतं. शिवाय ती उघडते अर्धीच. आमच्या दमट हवेत पुरा वारा खेळला नाही तर कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. बिजागरीची झडप पूर्ण उघडते आणि मिटली की रबरावर घट्ट बसते.

६. दुहेरी काच थंडीच्या मुलखासाठी किंवा एसी चालणाऱ्या खोलीसाठी. दिवसभर दारं-खिडक्या सताड उघड्या असणाऱ्या घरात तिचा काय उपयोग? ते पैसे मच्छरजाळीला लावा.

७. चाकरमानी मे महिन्याच्या सुट्टीत येतात, मापं देतात, गणपतीपर्यंत खिडक्या हव्यात म्हणतात. म्हणजे ऐन पावसात भिंतीला भगदाडं. २०२१ साली तौक्ते वादळ तर मे महिन्यातच किनाऱ्याला घासून गेलं. भिंत फोडायची ती दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत. आणि माप देण्याआधी जुलैत एकदा घरी या. वारा सुटला की प्रत्येक खिडकीखाली हात फिरवा. जिथे हात ओला होईल, तेवढ्याच खिडक्या बदला.